प्रमुख डॉक्टर असला की दवाखाना सुधारतो? एका गाजलेल्या पेपरचं जतमधून वाचन

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, या वेळी एकच पेपर घेऊ आणि तो नीट उलगडून बघू. विषय तुमच्या ओळखीचा आहे. रुग्णालयाच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत कोण असावं, डॉक्टर की व्यवस्थापक? सिव्हिलच्या बाकावर बसून ही चर्चा तुम्ही कधी ना कधी ऐकलीच असेल. एक म्हणतो, "डॉक्टरला साहेब केलं की तो डॉक्टर राहत नाही." दुसरा म्हणतो, "बिनडॉक्टर साहेब आला तर त्याला काय कळणार आतलं?" दोघंही ठामपणे बोलतात आणि पुराव्याचं नाव कुणी घेत नाही.

पुरावा म्हणून जगभरात ज्या पेपरचा दाखला दिला जातो, तो अमांडा गुडॉल यांचा, २०११ साली 'सोशल सायन्स अँड मेडिसिन' या नियतकालिकात आलेला. पेपर जेमतेम चार-पाच पानांचा आहे. नवख्या माणसालाही एका बैठकीत वाचून होतो, म्हणूनच मी तो निवडला. त्यात केलंय असं: 'यूएस न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' हे अमेरिकी नियतकालिक दरवर्षी रुग्णालयांची क्रमवारी लावतं. २००९ च्या क्रमवारीतून कर्करोग, पचनसंस्था आणि हृदयरोग या ३ विभागांतली पहिली १०० - १०० रुग्णालयं घेतली. प्रत्येकाचा मुख्य कार्यकारी अधिकारी वैद्यकीय पदवीधर आहे की नाही ते तपासलं आणि दोन गटांच्या गुणांची तुलना केली. डॉक्टर प्रमुख असलेल्या रुग्णालयांचे गुण सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाले.

आता पेपरचं शीर्षक बघा. त्यात प्रश्नचिन्ह आहे. डॉक्टर-नेतृत्व आणि रुग्णालयाची कामगिरी यांच्यात काही संबंध आहे का, असं ते विचारतं. संबंध म्हणजे सहसंबंध. हा एका वेळचा आडवा छेद आहे, यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे लेखिकेनं पेपरमध्येच मान्य केलंय. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये याच लेखिकेचा दोन सहकाऱ्यांसह लेख आला. त्याच्या शीर्षकाचा आशय, सर्वोत्तम रुग्णालयं डॉक्टर का चालवतात. म्हणजे 'का?'चा जागी 'कारण' आलं आणि प्रश्नचिन्ह गेलं. आतला मजकूर शीर्षकापेक्षा सावध आहे, हे खरं. पण लोक शीर्षक वाचतात. तुम्ही साहित्य-आढावा लिहिताना कुठलंही वाक्य उचललंत तर ते मूळ पेपरमधलं आहे की त्याच्या पाचव्या हाताच्या सारांशातलं, एवढं तरी तपासा. निम्मे प्रबंध इथेच घसरतात, असं माझं मत आहे.

पेपरची जमेची बाजू आधी सांगतो, कारण टीका म्हणजे फक्त भोकं दाखवणं नव्हे. गुडॉल यांच्यामागे एक विचारसूत्र आहे. ज्या क्षेत्राचं नेतृत्व करायचं त्या क्षेत्रातलं मुरलेलं ज्ञान नेत्याकडे असेल तर संस्था चांगली चालते. त्यांनी हे आधी विद्यापीठांवर तपासलं, म्हणजे कुलगुरू स्वतः नाणावलेला संशोधक असेल तर काय होतं. नंतर बास्केटबॉलचे प्रशिक्षक आणि फॉर्म्युला वनचे संघप्रमुख यांच्यावरही तपासलं. एकच कल्पना वेगवेगळ्या मैदानांत नेऊन बघणं हे चांगल्या संशोधकाचं लक्षण आहे. शिवाय प्रश्न वेळेवर विचारला होता. अमेरिकेत १९३५ मध्ये सुमारे ३५ टक्के रुग्णालयांचे प्रमुख डॉक्टर होते. २००८ पर्यंत साधारण ६,५०० रुग्णालयांपैकी असे फक्त २३५ उरले, म्हणजे ४ टक्क्यांहूनही कमी. इंग्लंडात १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालानं सरकारी आरोग्यसेवेत व्यावसायिक व्यवस्थापक आणले आणि तो अहवाल लिहिणारे ग्रिफिथ्स एका किराणा साखळीचे अधिकारी होते. एवढा मोठा बदल झाला, पण त्यानं रुग्णाचं भलं झालं का, हे आकड्यांनी फारसं कुणी विचारलंच नव्हतं. गुडॉल यांनी विचारलं.

आता अडचणींकडे येऊ.

पहिली अडचण मोजमापाची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. २५ टक्के जास्त, पण काय जास्त? क्रमवारीचे गुण. ते गुण बनतात कशाचे? त्या काळात त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग नावलौकिकाचा होता. म्हणजे देशभरच्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारायचं की तुमच्या मते या विषयातली उत्तम रुग्णालयं कोणती. उत्तर देणारे डॉक्टर! एखाद्या रुग्णालयाचा प्रमुख स्वतः नामांकित हृदयशल्यविशारद असेल, परिषदांत भाषणं करत असेल, तर त्याच्या रुग्णालयाचं नाव इतर डॉक्टरांच्या ओठांवर आधी येणार की नाही? क्लीव्हलँड क्लिनिकचे तेव्हाचे प्रमुख टोबी कॉसग्रोव्ह असेच हृदयशल्यविशारद. त्यामुळे रुग्णाला काही वेगळं मिळालं नसलं तरी गुण वाढू शकतात. ही नुसती शंका नाही. २०१० मध्ये अश्विनी सेहगल यांनी 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये याच क्रमवारीची तपासणी केली. वरच्या रुग्णालयांचा क्रम मुख्यतः नावलौकिकच ठरवतो आणि वस्तुनिष्ठ गुणवत्तेशी त्याचा मेळ फारसा बसत नाही, असं त्यांना आढळलं. हा पेपर गुडॉल यांच्या पेपरच्या एकच वर्ष आधीचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचलेत तर एका दुपारीत जेवढं शिकाल तेवढं पद्धतीशास्त्राच्या एका सत्रात शिकणार नाही.

दुसरी अडचण निवडीची. नमुन्यात सगळीच पहिल्या शंभरातली रुग्णालयं. खालची हजारो रुग्णालयं चित्रातच नाहीत. दहावीच्या गुणवत्ता यादीतल्या मुलांवरून शिकवणीचा परिणाम काढण्यासारखं हे आहे. आणखी एक गंमत म्हणजे देशभरात डॉक्टर प्रमुख ४ टक्के असताना या यादीत त्यांचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. डॉक्टरांमुळे रुग्णालयं यादीत आली असतील. नाहीतर मोठ्या अध्यापन-रुग्णालयांत डॉक्टरला प्रमुख करायची प्रथा असेल आणि तीच रुग्णालयं यादीत येत असतील. मेयो क्लिनिकची स्थापनाच डॉक्टर घराण्याची, तिथे प्रमुख डॉक्टरच असतो. मग मेयो चांगलं आहे म्हणून उत्तम डॉक्टर तिथे नेतृत्व घेतात, की उलट? आडव्या छेदात कोंबडी आधी की अंडं हे दिसत नाही.

नंतरच्या अभ्यासांनी काय केलं? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांवर झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर प्रमुखांकडे गुणवत्ता पुन्हा वरचढ दिसली, आर्थिक कामगिरीत मात्र फरक दिसला नाही. तोही आडवा छेदच. खरा धक्का देणारा पेपर यांक, प्रॉपर आणि सादून यांचा, तोही २०१९ चा. त्यांनी इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतले मुख्य कार्यकारी अधिकारी एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेले तेव्हा काय झालं हे बघितलं. माणूस तोच आणि रुग्णालय नवं, मग आकडे हलतात का? फारसे हलले नाहीत. त्यांचे पगार वेगवेगळे होते, पण रुग्णालयाच्या कामगिरीवर त्या व्यक्तीचा म्हणून ठसा दिसेना. मोठ्या सरकारी यंत्रणेत वरचा एक माणूस बदलून फार काही होत नाही, असा त्याचा रोख आहे. 'प्रमुख डॉक्टर हवा की व्यवस्थापक' या प्रश्नाआधीचा प्रश्न हा, की प्रमुखानं काही फरक पडतो का?

इथून मी तुम्हाला आपल्याकडे आणतो.

जत हा सांगली जिल्ह्यातला क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा तालुका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या वर. पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नड आणि शाळेत मराठी, किंवा शाळाही कन्नडच. सांगली-मिरज इथून ऐंशी-नव्वद किलोमीटर. उमदीच्या बाजूच्या माणसाला मिरजेपेक्षा विजापूर जवळ, म्हणून तो तिकडेच जातो. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. ग्रामीण रुग्णालय म्हणजे ठरल्या मापानं ३० खाटा. प्रमुखाचं पद वैद्यकीय अधीक्षक.

आता गुडॉल यांचा प्रश्न घेऊन इथे या. अधीक्षक डॉक्टर आहे का? आहे. तालुका आरोग्य अधिकारी? डॉक्टर. जिल्हा परिषदेतले जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, वरचे उपसंचालक, संचालक? सगळे डॉक्टर. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता? तेही डॉक्टरच. १०० टक्के. तुमच्या स्वतंत्र चलाला एकच किंमत असेल तर प्रतिगमन कशाचं करणार? तुलनेला दुसरा गटच नाही. त्यामुळे 'अमेरिकेत डॉक्टर प्रमुखांनी फरक पडला, म्हणून महाराष्ट्रातही डॉक्टरांकडे नेतृत्व द्यावं' असं वाक्य कुणा प्रबंधाच्या शिफारशींत दिसलं तर हसू आवरा. दिलेलंच आहे. फक्त अगदी टोकाला, आरोग्य सेवा आयुक्त आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे संचालक या खुर्च्यांवर भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी बसतात. म्हणजे आपल्याकडे शिडी डॉक्टरांची आणि गच्ची दुसऱ्यांची. यावर कुणी काम करणार असेल तर मला वाचायला आवडेल.

मग आपल्याकडे बदलतं काय? इथे संशोधक म्हणून तुमची नजर लागते. बदलतो तो कार्यकाळ. अधीक्षक पूर्णवेळ आहे की 'अतिरिक्त कार्यभार' आहे, हे बदलतं. त्यानं प्रशासनाचं काही प्रशिक्षण घेतलंय की नाही, हे बदलतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या हातात काय आहे. अमेरिकी प्रमुख माणसं नेमतो, काढतो, अंदाजपत्रक ठरवतो. आपल्या अधीक्षकाला परिचारिकेची रिक्त जागा भरता येत नाही, तज्ज्ञ आणता येत नाही. बरीचशी औषधं वरून येतात. रुग्ण कल्याण समितीच्या थोड्या पैशांत तो रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती, फार तर अडलेली एखादी खरेदी करू शकतो. तरी इंग्रजी पेपरमध्ये दोघांनाही एकच शब्द: लीडर. शब्द सारखा असला म्हणून संकल्पना सारखी होत नाही. यालाच आपण परीक्षेत 'संकल्पना-वैधता' म्हणून व्याख्या पाठ करतो आणि विसरतो.

दुसरी गोष्ट किमतीची, ती गुडॉल यांच्या पेपरमध्ये मुळीच नाही. शेकडो डॉक्टर असलेल्या क्लीव्हलँडमधून एक शल्यविशारद प्रशासनात गेला तर शस्त्रक्रिया थांबत नाहीत. ३० खाटांच्या रुग्णालयात हातावर मोजण्याइतके डॉक्टर. त्यातला एक सांगलीला आढावा बैठकीला गेला, एक रजेवर असला, की बाहेर केसपेपर घेऊन उभ्या असलेल्या बाईला त्याची किंमत लगेच कळते. शिवाय ज्येष्ठतेनं बढती मिळणार म्हणजे वीस वर्षं हाडं जोडण्यात हात बसलेला माणूस एके दिवशी जिल्ह्याची फाइल हातात घेतो. शस्त्रक्रियेचा हात सुटतो आणि निविदा वाचायला तर कुणी शिकवलेलं नसतं. डॉक्टर नेता होण्याचा फायदा मोजायचा तर डॉक्टर कमी होण्याचा तोटाही त्याच तक्त्यात मांडायला हवा. तो न मांडता काढलेला निष्कर्ष जतच्या कामाचा नाही, मग पेपर कितीही गाजलेला असो.

इथे कुणी म्हणेल, मिरजेचं काय? विल्यम वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय सुरू झालं, पुढे तिथेच वैद्यकीय शिक्षण दिलं जाऊ लागलं. शल्यविशारदही तेच आणि पैसा, जागा, माणसं जमवणारेही तेच. आज सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी त्यांच्या नावानं आहे. मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं त्याची सुरुवात तिथे आहे. मुंबईत केईएमचे पहिले अधिष्ठाता जीवराज मेहता १९२५ ते १९४२ तिथे होते आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. तमिळनाडूत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. डॉक्टर नेत्यांची ही यादी आणखी लांबवता येईल.

पण यादीत फक्त जगलेल्या संस्था येतात. ज्या डॉक्टरनं मोठ्या उमेदीनं रुग्णालय काढलं आणि दहा वर्षांत कुलूप लागलं, त्याच्या नावाची वाडी होत नाही. तो तुमच्या नमुन्यात कधीच येणार नाही. आणि अरविंदची गोष्ट नीट वाचली तर ती गुडॉल यांच्या बाजूची निम्मीच आहे. तिथे वेंकटस्वामींच्या जोडीला सुरुवातीच्या वर्षांपासून आर. डी. तुलसीराज होते, कोलकत्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून शिकलेले, डॉक्टर नसलेले. एका दिवसात इतक्या शस्त्रक्रिया कशा बसवायच्या, कोणतं काम डॉक्टरनं करायचं आणि कोणतं प्रशिक्षित सहायिकेनं, हा हिशेब केवळ नेत्रतज्ज्ञाचा नाही. यश कुणाचं, डॉक्टरचं की व्यवस्थापकाचं? प्रश्नच चुकीच्या जागी तुटतो. ब्लूम, लेमोस, सादून आणि व्हॅन रीनन यांचा २०२० चा पेपर याच वळणावर जातो. ९ देशांच्या रुग्णालयांची माहिती त्यात आहे आणि भारतही आहे. वैद्यकीय आणि व्यवस्थापन असे दोन्ही अभ्यासक्रम असलेल्या विद्यापीठाजवळची रुग्णालयं जास्त चांगली चालवली जातात, असं त्यांना दिसलं. म्हणजे 'हा की तो' यापेक्षा एकाच डोक्यात किंवा एकाच टेबलाभोवती दोन्ही विद्या आहेत का, हे बघणं जास्त फलदायी.

आपल्या देशात यावर एक जुनं उत्तरही आहे. तमिळनाडूनं सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र संचालनालय ठेवलं. तिथला अधिकारी डॉक्टर असतो, पण त्याला सार्वजनिक आरोग्याची वेगळी पात्रता मिळवावी लागते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सगळ्या राज्यांना असा संवर्ग करायला सुचवलं आणि २०२२ मध्ये केंद्रानं त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कागद आहे. राज्याराज्यांत त्याचं काय झालं, हा एका चांगल्या प्रबंधाचा विषय आहे.

तुमच्यापैकी कुणी सांगली जिल्ह्यातच काम करणार असेल तर थोडं पद्धतीबद्दल. आरोग्य माहिती प्रणालीत प्रत्येक संस्थेची दरमहा आकडेवारी भरली जाते: बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, प्रसूती, सिझेरियन, संदर्भित रुग्ण. अधीक्षक बदलल्याच्या तारखा शासकीय नोंदींतून मिळू शकतात. प्रत्येक बदल म्हणजे एक छोटा प्रयोगच, त्याच्या आधीचे १२ आणि नंतरचे १२ महिने ताडून बघता येतात. यांक आणि सहकाऱ्यांची कल्पना हीच, फक्त तालुक्याच्या मापाची. मात्र बदल्या चिठ्ठ्या टाकून होत नाहीत. तक्रारी वाढल्या म्हणून अधिकारी हलवला असेल तर आकडे नव्या माणसाशिवायही सुधारले असते, कारण तळाला गेलेली गोष्ट थोडी वर येतेच.

आणि परिणाम म्हणून काय मोजणार? मृत्यूदर मोजू नका. ग्रामीण रुग्णालयात मृत्यू कमी दिसतात, कारण अवघड रुग्ण '१०८'मध्ये बसवून पुढे पाठवला जातो. तो वाटेत किंवा सिव्हिलमध्ये गेला तर जतच्या रकान्यात शून्यच राहतो. जो अधीक्षक धाडस करून अवघड प्रसूती इथेच करवून घेतो, त्याचे आकडे वाईट दिसतील. जो सगळ्यांना रेफर करतो, त्याचे स्वच्छ दिसतील. बाह्यरुग्णसंख्या घटली तर लोक बरे झाले की कंटाळून विजापूरला गेले, हे महाराष्ट्राच्या प्रणालीत दिसणारच नाही, कारण विजापूरचा केसपेपर कर्नाटकात निघतो. 'कायाकल्प'चे गुण घ्याल तर लक्षात ठेवा की ते मुख्यतः स्वच्छता आणि संसर्ग-नियंत्रणाचे आहेत. मला विचाराल तर मी एक साधी गोष्ट मोजेन: संदर्भित केलेल्या प्रसूतींपैकी किती इथेच होऊ शकल्या असत्या. त्यासाठी नोंदवही उघडून एकेक नोंद स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर वाचावी लागेल, कंटाळवाणं काम आहे, आणि भूलतज्ज्ञ त्या दिवशी हजर होता का हा रकाना आधीच आखून न्यावा लागेल. तो रकाना नसेल तर भूलतज्ज्ञाच्या रिकाम्या खुर्चीचं माप तुम्ही अधीक्षकाच्या नावावर टाकाल.

गुडॉल यांचा पेपर वाचाच. पुढच्या वेळी यांक, प्रॉपर, सादून यांच्या पेपरमधलं 'व्यक्तीचा स्थिर परिणाम' हे समीकरण पायरीपायरीनं सोडवू. तोपर्यंत सेहगल यांचा पेपर वाचून, वस्तुनिष्ठ गुणवत्ता म्हणून त्यांनी नेमकं काय धरलंय ते शोधून ठेवा.